नोटेवरची सही, राजीनाम्यावरची सही

१९३९ साली युद्धाला तोंड फुटलं तेव्हा देशात फिरणाऱ्या नोटांची एकूण किंमत दोनशे कोटी रुपयांच्या आत होती. १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा ती अकराशे कोटींच्या पुढे गेलेली होती. हा सगळा कागदी पैसा छापला जात होता नाशिकरोडला. कागद विलायतेतून यायचा, छपाई इथे व्हायची. १९४३च्या उत्तरार्धापासून या नोटांवर खाली एक नवी सही दिसू लागली : सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर सही करणारा हा पहिला भारतीय. वर राजा सहावा जॉर्ज आणि खाली रोह्याच्या वकिलाचा मुलगा, अशी ती नोट.

नाशिककरांना प्रेस नवा नाही. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. पण या प्रेसचा आणि महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातल्या एका मोठ्या माणसाचा धागा किती घट्ट आहे, हे फारसं कोणी बोलत नाही. चिंतामणराव देशमुख म्हटलं की मराठी माणसाला १९५६ आठवतं, संयुक्त महाराष्ट्र आठवतो, केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा आठवतो. तो राजीनामा थोरच होता. मात्र तो देणाऱ्या माणसाची घडण मंत्रिमंडळातली नव्हती, बँकेतली होती. हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या राजीनाम्याचा पूर्ण अर्थ लागत नाही.

महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ला त्यांचा जन्म झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्याला वकिली करत, आई भागीरथीबाई. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले ते निसर्गविज्ञान शिकायला. वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळालं. १९१८ साली लंडनच्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक. लोकमान्य टिळक त्या सुमारास लंडनमध्ये होते. नोकरी सोडून चळवळीत यावं का, असं या तरुणाने त्यांना विचारलं आणि लोकमान्यांनी त्याला नोकरीतच राहायला सांगितलं, स्वराज्य आल्यावर हा अनुभव लागेल म्हणून, ही हकीकत मराठीत वारंवार सांगितली जाते. पुढचं आयुष्य पाहिलं तर सल्ला अचूक ठरला.

त्यानंतरची वीस वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली. रायपूरकडे सेटलमेंट ऑफिसर म्हणून जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी, मग नागपूरला सचिवालयात महसूल आणि अर्थ खातं. मध्ये १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम. खेड्यातला शेतकरी सारा कसा भरतो, कर्ज कुठून काढतो, हे त्यांनी सातबाऱ्याच्या पातळीवर पाहिलेलं होतं. बँकेत येताना हीच शिदोरी होती, कारण बँकर म्हणून त्यांचं शिक्षण झालेलंच नव्हतं.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत संपर्क अधिकारी म्हणून दाखल झाले. बँकेची स्थापना होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. तीनच महिन्यांत ते केंद्रीय मंडळाचे सचिव झाले, १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ला देशमुखांची त्या जागी नेमणूक झाली. पुढच्या वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ केलं. स्वातंत्र्य चार वर्षं दूर असताना देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या खुर्चीत भारतीय माणूस बसला.

आता त्या नोटेकडे जरा जवळून पाहू. १९२८ पर्यंत भारताच्या नोटा इंग्लंडमध्ये, बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यात छापून बोटीने येत. नाशिकला नोटांची छपाई १९२८ला सुरू झाली आणि १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा इथेच निघू लागल्या. युद्धात जपान्यांनी दहा रुपयांच्या नोटेची इतकी हुबेहूब नक्कल केली की खरी-खोटी ओळखणं कठीण झालं. तेव्हा उपाय करावा लागला. जलचिन्हात राजाचा चेहरा आधी बाजूने दिसायचा, तो समोरून दिसणारा केला गेला. शिवाय १९४४ साली नोटेच्या कागदात सुरक्षा धागा आला, भारतात पहिल्यांदाच. आज आपण दोनशेची नोट उजेडात धरून हिरवा धागा शोधतो, ती सवय आपल्याला या युद्धाने लावली. नाणी आणि नोटा जमवणाऱ्यांच्या संग्रहात समोर पाहणाऱ्या जॉर्जची आणि देशमुखांच्या सहीची नोट हटकून असते.

इतका पैसा का छापावा लागला? ब्रिटनने युद्धासाठी भारतातून धान्य, कापड, चामडं, माणसं, सगळं उचललं आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत मांडून ठेवली. त्या पौंडांच्या जिवावर इथे रुपये छापायचे. लंडनच्या खात्यात भारताची शिल्लक फुगत गेली, ती युद्धाअखेर सुमारे १३० कोटी पौंडांवर पोचली. इथे मात्र नोटा वाढल्या, माल आटला, भाव भडकले. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली त्याच वर्षी देशमुख गव्हर्नर झाले होते. नोटेवर सही त्यांची असली, तरी किती नोटा छापायच्या हे ठरवण्याची सत्ता त्यांच्या हाती नव्हती. परकी सत्तेच्या चाकरीत राहून देशाचं हित राखायचं, ही त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक आयसीएस अधिकाऱ्याची ओढाताण होती आणि देशमुखांच्या वाट्याला तिचं सर्वांत मोठं ओझं आलं.

ती शिल्लक परत कशी मिळवायची, हा प्रश्न घेऊन देशमुख जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला गेले. शिष्टमंडळाचे नेते सर जेरेमी रेझमन होते. त्यांच्याबरोबर थिओडोर ग्रेगरी, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथे घातला गेला. युद्धकाळातल्या देण्याचा प्रश्न निधीच्या कामात घ्या, हा भारताचा आग्रह मान्य झाला नाही. नाणेनिधीत भारताला चाळीस कोटी डॉलरचा कोटा मिळाला. रशिया बाहेर राहिल्यामुळे भारत पहिल्या पाचांत गणला गेला आणि संचालक मंडळावर कायमची जागा मिळाली. गुलाम देशाच्या पदरात पडलेली ही जागा छोटी नव्हती. १९५० साली पॅरिसला नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या संयुक्त वार्षिक सभेचं अध्यक्षपद देशमुखांकडे आलं.

जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. काळ्या पैशावर घाव घालायचा हा बेत होता. बँकेत त्याबद्दल उत्साह नव्हता. सुमारे १४४ कोटी रुपयांच्या या नोटांपैकी जवळपास १३५ कोटींच्या परत आल्या, बाहेर राहिल्या फक्त नऊ कोटींच्या आसपास. २०१६ च्या नोव्हेंबरात नाशिकच्या बँकांपुढे ज्यांनी रांगा लावल्या त्यांना हे आकडे वेगळं काही सांगायला नकोत.

पण देशमुखांच्या कारकिर्दीतला सर्वांत विलक्षण प्रसंग फाळणीचा आहे आणि तो थेट नाशिकरोडला येऊन भिडतो. देश दोन झाले तरी काही महिने दोन्ही देशांची बँक एकच, रिझर्व्ह बँक. पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. तेव्हा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये भारताच्याच नोटांवर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ अशी अक्षरं घालून त्या पाकिस्तानसाठी काढल्या गेल्या. १ एप्रिल १९४८ पासून त्या तिकडे चालू लागल्या. सीमेवर रक्त वाहत होतं, काश्मीरमध्ये लढाई जुंपली होती आणि देशमुखांच्या सहीच्या, नाशिकला छापलेल्या नोटांनी कराचीत बाजारहाट होत होता. रोकड शिल्लक वाटण्याच्या प्रश्नात पाकिस्तानला द्यायचे ५५ कोटी रुपये भारत सरकारने अडवून धरले आणि गांधीजींच्या उपोषणाच्या काळात, १५ जानेवारी १९४८ला, ते देण्याचा निर्णय झाला. या सगळ्या काळात दोन भांडणाऱ्या सरकारांची बँक चालवायची होती. आधी ठरलेली मुदत सप्टेंबरअखेरची होती, ती ३० जून १९४८वर आली आणि १ जुलैला पाकिस्तानची स्वतःची स्टेट बँक उभी राहिली. चलन दोन झालं, पण बँक कोसळली नाही. त्या वर्षातल्या मोडतोडीत हे मोठंच काम म्हणावं लागेल. १ जानेवारी १९४९ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं. जूनअखेर देशमुखांनी बँक सोडली.

इथपर्यंत हा माणूस राजकारणी नव्हता. तुरुंगात गेलेला नव्हता, खादी आयुष्यभर अंगावर वागवलेली नव्हती. म्हणूनच नेहरूंनी त्यांना आधी अमेरिका-युरोपात आर्थिक बाबींचे खास दूत म्हणून, मग नियोजन आयोगावर आणि १९५०च्या मध्यावर जॉन मथाईंनी राजीनामा दिल्यावर अर्थमंत्री म्हणून घेतलं, तेव्हा अनेक जुन्या काँग्रेसजनांच्या भुवया उंचावल्या असतील. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांपैकी अर्थमंत्री झाले ते दोघेच : देशमुख आणि मनमोहन सिंग. मनमोहन सिंगांना लोकसभेची निवडणूक जिंकता आली नाही. ब्रिटनमध्ये बँकेतून थेट राजकारणात येणं नवं नाही, जॉन मेजर बँकेत होते, साजिद जाविद आणि ऋषी सुनकही तिथूनच आले. पण मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर राहून मग मतदारांपुढे उभं राहणं जगात दुर्मीळच. २०२५ साली कॅनडात मार्क कार्नी पंतप्रधान झाले तेव्हा जगाला त्याचं अप्रूप वाटलं. कोकणातल्या मतदारांनी हे ७३ वर्षं आधी पाहिलं होतं.

अर्थमंत्री झाल्यावर नाशिकरोडचा प्रेस पुन्हा त्यांच्या हाताखाली आला, कारण प्रेस अर्थ मंत्रालयाच्याच अखत्यारीत होता. आता नोटेवर राजा नव्हता, अशोकस्तंभ होता.

त्यांनी हंगामी धरून सात अंदाजपत्रकं मांडली, पहिली पंचवार्षिक योजना मार्गी लावली, १९५६चा कंपनी कायदा आणला. ही यादी वाढवता येईल. त्यातली एक गोष्ट नाशिक जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची आहे. शेतकऱ्याला कर्ज कोण देतं, हे शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५१ साली ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. धनंजयराव गाडगीळ तिचे एक सदस्य होते. त्यांचा जन्म नाशिकचा, सहकारी साखर कारखानदारीला शास्त्राचा आधार दिला तो त्यांनी. १९५४ साली समितीचा अहवाल आला तेव्हा कळलं की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता. बाकीचा बहुतेक भार सावकारावर. समितीच्या शिफारशीवरून इम्पीरियल बँक सरकारने ताब्यात घेतली आणि १ जुलै १९५५ला स्टेट बँक ऑफ इंडिया जन्माला आली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायच्या, असं बंधन कायद्यानेच घातलं. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत स्टेट बँकेची पाटी दिसली ती या निर्णयामुळे. कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यात पुढे बँका पोचल्या त्याची वाट इथून सुरू होते.

दुसरा मोठा निर्णय १९ जानेवारी १९५६चा. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण. २४५ विमा कंपन्या आणि संस्था होत्या, काही चोख, काही पॉलिसीधारकांचा पैसा मालकांच्या धंद्यात फिरवणाऱ्या. बातमी फुटली असती तर कपाटं रिकामी झाली असती. म्हणून मोजक्या माणसांत बेत ठरला, वटहुकूम निघाला आणि देशमुखांनी आकाशवाणीवरून देशाला कारणं सांगितली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली.

तारीख पुन्हा पाहा. १९ जानेवारी १९५६. तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं होतं आणि मुंबई पेटली होती. गिरणगावात, गिरगावात पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडत होती. आधीच्या नोव्हेंबरातही गोळीबार झालेला होता. अर्थमंत्र्याचा स्वतःचा मतदारसंघ खाडीपलीकडे. त्याच दिवसांत हा माणूस देशाला विम्याचा हिशेब शांतपणे समजावून सांगत होता आणि त्याच दिवसांत त्याने राजीनाम्याची तयारी पंतप्रधानांच्या कानावर घातली होती.

जानेवारीतला राजीनामा थांबला. ३ जूनला नेहरूंनी मुंबईत जाहीर केलं की शहर पाच वर्षं केंद्राच्या ताब्यात राहील. आता देशमुख थांबले नाहीत. २५ जुलै १९५६ला लोकसभेत त्यांनी निवेदन केलं.

ते निवेदन आज वाचताना जाणवतं ते असं, की त्यात आक्रोश नाही. तपासणीसाच्या नेटकेपणाने मुद्दे येतात. हा निर्णय मंत्रिमंडळापुढे आलाच नाही. कागद फिरवूनही संमती घेतली नाही. ज्या मंत्र्यांचा या प्रश्नाशी जवळचा संबंध, त्यांनाही विचारलं नाही, आणि त्यांत स्वतः देशमुख होते. ही रीत बेफिकीर आणि घटनाबाह्य आहे. मुंबईत गोळीबारात माणसं मेली आणि न्यायालयीन चौकशीची मागणी सरकारने नाकारली, यामागे महाराष्ट्राविषयी आकस आहे. नेहरूंनी उत्तर दिलं, पंतप्रधानाला धोरण मांडण्याचा अधिकार असतो असं सांगितलं. आकसाचा आरोप त्यांना लागला. दोघांमध्ये व्यक्तिगत वैर मात्र नव्हतं. १९५३च्या जानेवारीत देशमुख आणि दुर्गाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला तेव्हा साक्षीदारांत नेहरू होते. पहिली पत्नी रोझिना, इंग्रज बाई, १९४९ साली वारली होती.

देशमुखांच्या राजीनाम्याला मराठी अस्मितेचा हुंकार म्हणतात. त्यात अस्मिता होतीच. पण निवेदनाचा सांगाडा बँकेतल्या माणसाचा आहे : निर्णयावर कोणाची सही, कोणाच्या संमतीने, कोणत्या कागदावर, आणि माणसं मेली तर त्याचा हिशेब कोण देणार? सहा वर्षं ज्याच्या सहीवर लोकांनी विश्वास टाकला होता त्याला, आपली संमती गृहीत धरली गेली हेच सहन झालं नाही. माझ्या मते महाराष्ट्राने यातली चौकशीची मागणी विसरायला नको होती. हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली, स्मारकं उभी राहिली, हुतात्मा चौक झाला. देशमुखांनी मागितलेली न्यायालयीन चौकशी मात्र झाली नाही.

पुढे ऑगस्टमध्ये संसदेने विशाल द्विभाषिक राज्याचा तोडगा काढला, १ नोव्हेंबर १९५६ला ते आलं. लोकांनी १९५७च्या निवडणुकीत उत्तर दिलं. संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट आली आणि नाशिकमधून काळाराम मंदिर सत्याग्रहातले दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. देशमुख मात्र समितीच्या व्यासपीठावर पुढारी म्हणून चढले नाहीत. तेव्हा अनेकांना हे खटकलं. त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद पत्करलं, ते १९६१ पर्यंत सांभाळलं, नंतर १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९५९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्कृत श्लोकरचना चालूच होती, मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी केला होता आणि बागेतल्या झाडांची नावं केंब्रिजच्या पदवीधराला अजून तोंडपाठ होती.

सत्तेच्या राजकारणात ते एकदाच परतले, ऑगस्ट १९६९ मध्ये. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने त्यांना उभं केलं. महिन्याभरापूर्वी इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. इम्पीरियल बँक आणि विमा कंपन्या सरकारकडे घेणारा मंत्री आता खासगी उद्योगाच्या बाजूच्या पक्षाचा उमेदवार, हे अनेकांना कोड्यात टाकणारं होतं. पहिल्या पसंतीची मतं मोजली तेव्हा गिरींना ४,०१,५१५, संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. कोणालाच निम्मी न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. त्यांतून गिरी निवडून आले.

त्या वेळी केंद्रात गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. महाराष्ट्र मोठा की नेहरू मोठे, या १९५५च्या प्रश्नावर फलटणला त्यांनी नेहरूंच्या बाजूने कौल दिला होता. नेमकं तेव्हाच देशमुख विरुद्ध टोकाला जाऊ लागले होते. चिनी आक्रमणाच्या वेळी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेल्या यशवंतरावांना लोकसभेवर नाशिकने पाठवलं, तेही बिनविरोध. १९६७ साली मात्र ते साताऱ्यातून निवडून आले. जून १९७० मध्ये ते अर्थमंत्री झाले, म्हणजे नाशिकच्या माजी खासदाराकडे नाशिकरोडच्या प्रेसचं खातं आलं. देशमुख तोवर पंच्याहत्तरीला टेकले होते. १९७४ साली त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं, ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’, आणि त्यात १९५६ची हकीकत त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडली. १९७५ साली त्यांना आणि दुर्गाबाईंना एकाच वर्षी पद्मविभूषण मिळालं. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ला हैदराबादमध्ये चिंतामणरावांचं निधन झालं. तेव्हा मनमोहन सिंगांची रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून सही नोटांवर येऊ लागायची होती, त्या नोटाही नाशिकरोडला छापल्या गेल्या.